वाईच्या सोप्यातला टीव्ही: प्रकल्प नोंदी

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

दसरा झाला, दिवाळीला अजून वेळ आहे. तेवढ्यात वाईच्या घरातल्या सोप्यात टीव्ही, स्टिक आणि स्मार्ट स्पीकर यांची नीट घडी बसवायची आहे. आज फक्त पाहणी केली आणि प्रत्येकाला काय हवं ते विचारलं.

सामान असं: ४३ इंची टीव्ही, डिशचा सेट-टॉप बॉक्स, पुण्याहून आणलेली फायर टीव्ही स्टिक (टीव्हीला जोडून नेटवरचे कार्यक्रम लावायची), चौथ्या पिढीचा गोल एको (बोलून चालवायचा अलेक्साचा स्मार्ट स्पीकर) आणि दादाने कधीतरी दिलेला ब्लूटूथ स्पीकर. रिमोट तीन.

अण्णांची अट एकच: नेट गेलं तरी बातम्या आवाजासकट लागल्या पाहिजेत. आईला रिमोटची संख्या कमी हवी. आजी म्हणाली, "आवाज वाढवून काय करू? गोंगाट वाढतो गं, शब्द काही कळत नाहीत."

माझ्या दृष्टीने प्रकल्पाचं खरं काम आजीच्या या वाक्यात आहे. आज्ञा दिली की टीव्ही लागतो हे छानच, पण लागल्यावर संवाद कळत नसेल तर तिला त्याचा काय उपयोग? म्हणून क्रम ठरवला: आधी नेट, मग आवाज, बोलून चालवणं शेवटी.

रविवार, ५ ऑक्टोबर

नेटचा दिवस. राउटर पडवीत आहे, टीव्ही सोप्यात. मधे काळ्या दगडाची दीड-दोन फुटी भिंत. वाय-फायचे पट्टे दोन. पडवीत ५ गिगाहर्ट्‌झवर उत्तम वेग मिळतो, उंबरा ओलांडला की रेंज जवळजवळ संपते. २.४ गिगाहर्ट्‌झ भिंतीपार बरं पोचतं, पण शेजारपाजारचे राउटरही त्याच पट्ट्यात आहेत. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. फोनवर पाहिलं तर गल्लीतली बहुतेक सगळी वाय-फाय ६ वर होती. आपलं ११ वर नेलं, तेवढ्याने फरक पडला.

तरी टीव्हीसाठी एवढ्यावर भागवायचं नाही. ४-के चित्रासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस सुचवतं, फुल एचडीला ५. आकडे मोठे नाहीत, पण वेग सलग टिकावा लागतो. पडवीतून तुळईच्या कडेने लॅन केबल ओढली आणि सोप्यात छोटा ॲक्सेस पॉइंट (एपी), म्हणजे वाय-फाय पुढे पसरवणारा डबा, लावला. भिंतीला भोक पाडलं नाही, दारावरच्या झरोक्यातून केबल आली. चुन्याच्या जुन्या भिंतीत ड्रिल घालायला माझा जीव होत नाही.

असं काही करणाऱ्यांसाठी एक गोष्ट लिहून ठेवते. असले ॲक्सेस पॉइंट बऱ्याचदा राउटर मोडमध्येच येतात. तसाच लावला तर तो स्वतःचं वेगळं जाळं तयार करतो. फोन पडवीच्या जाळ्यात आणि स्टिक सोप्याच्या, असं झालं की दोघांना नेट मिळतं पण फोनमधून टीव्हीवर काही पाठवता येत नाही, कारण फोनला स्टिक दिसतच नाही. मोड बदलून एपी करायचा, नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवायचा, आणि स्पीकर, स्टिक, फोन सगळे एकाच जाळ्यात आहेत ना ते पाहायचं.

स्टिक टीव्हीच्या यूएसबीवर चालत होती, ती स्वतःच्या ॲडॉप्टरवर घेतली. साध्या यूएसबी २.० खाचेतून अर्धा अँपिअरच मिळतो, आणि बऱ्याच टीव्हींमध्ये टीव्ही बंद झाला की ती खाचही बंद होते. मग "टीव्ही लाव" ही आज्ञा ऐकायला स्टिक जागी कुठून असणार?

शनिवार, ११ ऑक्टोबर

आवाजाचे तीन मार्ग करून पाहिले.

पहिला, ब्लूटूथ स्पीकर टीव्हीला जोडणे. बातम्या लावल्या तर निवेदिकेचे ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. नेमकं मोजलं: ओठ-आवाज जुळणीचा चाचणी व्हिडिओ लावायचा, फोनवर स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमनी टिपायचा आणि पडद्यावरच्या ठिपक्यापासून ‘टक’ आवाजापर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. पन्नासेक फ्रेम निघाल्या, म्हणजे २०० मिलिसेकंदांच्या पुढे. प्रसारणासाठीच्या आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मागे गेला की माणसाला जाणवू लागतो. मागे पडलेला आवाज आपण जास्त सहन करतो, पुढे गेलेला नाही. निसर्गातही दूरच्या माणसाचा आवाज उशिराच पोचतो. आजीची खुर्ची टीव्हीपासून साडेतीन मीटरवर आहे, तेवढ्या अंतरालाही आवाजाला दहा मिलिसेकंद लागतातच. पण २०० म्हणजे फार. ज्यांना ऐकू कमी येतं ते नकळत ओठ वाचत असतात, त्यांचा तो आधारही असा तुटतो. ब्लूटूथ बाद.

दुसरा मार्ग, अलेक्सा ॲपमध्ये एको आणि स्टिक यांचा ‘होम थिएटर’ गट करणे. स्टिकवरच्या कार्यक्रमांना हे छान चाललं, ओठ आणि आवाज जुळलेले होते. पण या गटात फक्त स्टिकचा आवाज येतो. डिशचा बॉक्स टीव्हीच्या दुसऱ्या खाचेत असतो, त्याचा आवाज टीव्हीतूनच येणार. रचनाच तशी आहे. म्हणजे अण्णांच्या बातम्या एका जागेहून आणि आईची मालिका दुसरीकडून. शिवाय हा सगळा जोड वाय-फायवर. ज्या घरात टीव्ही म्हणजे फक्त स्टिक, तिथे मी हाच मार्ग सुचवेन. आमच्याकडे डिश आहे आणि राहणार आहे.

तिसरा, साउंडबार, म्हणजे टीव्हीपुढे ठेवायचा लांबट स्पीकर. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेवर ‘एआरसी’ लिहिलेलं असतं, तिथून आवाज उलट बाहेर येतो. ही सोय एचडीएमआय १.४ पासून, म्हणजे २००९ पासून आहे. डिश असो वा स्टिक, सगळा आवाज एका तारेने एकाच जागी येतो आणि नेटशी त्याचा संबंध नाही. आमच्यासाठी हाच ठरवला. साउंडबार ३.१ प्रकारचा मागवला, कारण त्यात मधला स्पीकर वेगळा असतो. ५.१ ध्वनीत, म्हणजे वेगवेगळ्या स्पीकरसाठी सहा वाटांनी येणाऱ्या आवाजात, संवाद बहुतांशी मधल्या वाटेवर असतात. तो आवाज स्वतंत्र स्पीकरमधून आला तर पार्श्वसंगीत कमी न करता शब्द तेवढे वर काढता येतात.

एको मग कशाला? आज्ञा ऐकायला, आणि टीव्ही बंद असताना भजन, रेडिओ लावायला. आवाजाची वाट तारेची, बोलून चालवायची सोय तिच्या वरची. वरची बंद पडली तरी खालची चालू राहिली पाहिजे.

रविवार, १२ ऑक्टोबर

साउंडबार यायचा आहे, तोवर खोलीवर काम केलं. मला विचाराल तर या प्रकल्पात सगळ्यात जास्त फरक पाडणारा दिवस हाच, आणि आज विजेची एकही वस्तू हातात घेतली नाही.

सोप्यात मधोमध उभं राहून टाळी वाजवली. आवाज घुमत राहतो. खाली शहाबादी फरशी, चारी बाजूंना चुन्याचा गिलावा, वर लाकडी तक्तपोशी. माणूस बोलतो तेव्हा आधीचं अक्षर भिंतींवरून परत येत असतं आणि पुढचं त्यात मिसळतं. अशा खोलीत टीव्हीचा आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं. आजी म्हणते तो गोंगाट हाच.

याचा हिशोब करता येतो. हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन नावाचे प्राध्यापक होते. १८९५ च्या सुमारास त्यांच्याकडे असंच काम आलं: फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं. त्यांनी जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकांच्या गाद्या आणून खोलीत मांडल्या आणि गाद्या वाढतील तसा आवाज किती वेळात विरतो ते मोजलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: घुमण्याचा काळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले शोषण, म्हणजे खोलीतल्या वस्तू एकूण किती आवाज खातात ते.

सोपा साडेपाच मीटर लांब, ३.६५ रुंद, ३.३५ उंच. घनफळ साधारण ६७ घनमीटर. दगड आणि गिलावा आवाज जवळपास शोषतच नाहीत. लाकूड, सामान आणि माणसं धरून शोषण ६ एकक धरलं तर काळ १.८ सेकंद निघतो. बोलणं स्पष्ट कळायला एवढ्या खोलीत तो एका सेकंदाच्या बराच खाली हवा.

विकतचं काही आणलं नाही. माळ्यावरून लग्नकार्यात लागतात त्या गाद्या आणि लोड-तक्के काढले, उन्हं दाखवली आणि टीव्हीच्या समोरच्या भिंतीशी भारतीय बैठक घातली. फरशीवर जाड सतरंजी. अंगणाकडच्या दोन्ही खिडक्यांना आईने जाड पडदे शिवले, भरपूर चुण्या घालून. सपाट ताणलेल्या कापडापेक्षा चुण्यांचं कापड जास्त आवाज खातं. पडदे दहा चौरस मीटर आणि गाद्या-सतरंजी आठ धरून शोषणात साडेसातची भर पडते. नवा काळ ०.८ सेकंद.

पुन्हा टाळी वाजवली. घुमणं गेलं. टीव्हीचा तोच जुना आवाज, तेच छोटे मागे तोंड करून बसवलेले स्पीकर, तरी आजीने बातम्यांचे मथळे मला परत म्हणून दाखवले. मला फार आनंद झाला. ज्यांच्याकडे टाइल्सचा मोकळा हॉल आहे त्यांनी आधी पडदे आणि गालिचा घालून पाहावा, साउंडबारची खरेदी त्यानंतर.

शनिवार, १८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

साउंडबार आला, जोडणी झाली. स्टिक थेट साउंडबारच्या एचडीएमआय इनपुटमध्ये, तिथून केबल टीव्हीच्या एआरसी खाचेत, डिशचा बॉक्स टीव्हीच्या पहिल्या खाचेत. स्टिक टीव्हीत लावली असती तरी चाललं असतं, पण काही टीव्ही बाहेरून आलेला ५.१ ध्वनी पुढे पाठवताना त्याचा फक्त डाव्या-उजव्या अशा दोन वाटांचा करतात. मग मधला स्पीकर घेऊन उपयोग काय?

सीईसी सुरू केलं. एचडीएमआयच्या १३ व्या पिनवरून उपकरणं एकमेकांना निरोप देतात ती ही सोय. सेटिंगमध्ये ती त्या नावाने सापडेलच असं नाही: सॅमसंगमध्ये ‘एनीनेट प्लस’, एलजीत ‘सिंपलिंक’, सोनीत ‘ब्राव्हिया सिंक’. टीव्हीत, साउंडबारमध्ये आणि स्टिकमध्ये, तिन्हीकडे ती चालू हवी. आता टीव्ही लागला की साउंडबार लागतो, बंद झाला की तोही झोपतो, आणि टीव्हीच्या रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो.

स्लो मोशनने पुन्हा मोजलं. आवाज बारा फ्रेम मागे, म्हणजे ५० मिलिसेकंद. चांगलं आहे, छेडछाड नको.

मग आजीला खुर्चीत बसवून आवाजाचा पोत लावला. वयोमानाने कान आधी उंच सुरांसाठी मंद होतात. स, श, च, त, फ या व्यंजनांची ओळख त्या उंच भागातच असते. साप, ताप आणि चाप यांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. ते निसटलं की उरतं ते ‘आप’, आणि बाकीचं डोक्याने भरून काढावं लागतं. म्हातारी माणसं टीव्हीसमोर थकतात त्याचं हे मोठं कारण आहे असं मला वाटतं. खर्ज तीन पायऱ्या खाली आणला, उंच सूर दोन पायऱ्या वर, मधला स्पीकर वर, आणि रात्रीचा मोड कायम चालू. या मोडमध्ये हळू बोलणं आणि धडाम संगीत यांतली दरी कमी होते. अण्णांना गाणं ऐकताना खर्ज कमी वाटला. त्यांच्यासाठी साउंडबारवरचं संगीताचं बटण दाखवून ठेवलं.

रिमोटचं कामही झालं. डिशच्या रिमोटला टीव्हीची पॉवर आणि आवाजाची बटणं शिकवली, त्यामुळे बातम्या-मालिकांना तो एक पुरतो. स्टिकचा एक. तिसरा कपाटात गेला.

रविवार, १९ ऑक्टोबर

बोलून चालवायचं काम. एको कुठे ठेवायचा यावर थोडी चर्चा झाली. भिंतीतल्या देवळीत तो शोभतो खरा, पण तिन्ही बाजूंनी दगड असल्यावर खर्ज फुगतो आणि माइकला लांबचं नीट ऐकू येत नाही. सगळीकडून वीतभर मोकळी जागा लागते. शेवटी आजीच्या खुर्चीच्या उजव्या हाताला, भिंतीपासून पुढे, तिवईवर ठेवला. साउंडबारपासून लांब आणि बोलणाऱ्या माणसाजवळ. टीव्ही चालू असताना आज्ञा ऐकू जायला एवढं पुरतं.

ॲपमधल्या ‘टीव्ही अँड व्हिडिओ’ भागातून एको आणि स्टिक जोडले, दोघांची खोली एकच ठेवली. आता "अलेक्सा, टीव्ही ऑन" म्हटलं की एको स्टिकला सांगतो, स्टिक सीईसीवरून टीव्ही आणि साउंडबार जागे करते. ‘पॉज’ आणि तीस सेकंद मागे नेणं तर आईला एका दिवसात जमलं, पीठ मळताना हात न लावता.

एकोवर भारतीय इंग्रजी आणि हिंदी आहे, दोन्ही एकदम ऐकण्याची सोयही आहे. मराठी नाही. गूगल असिस्टंट फोनवर मराठी ऐकतो, स्पीकरवर नाही. मराठी नीट यायला हवी असं मला मनापासून वाटतं, कारण याची सर्वात जास्त गरज ज्यांना आहे ती माणसं एकच भाषा बोलतात. तोवरचा मार्ग म्हणजे रूटीन, एका शब्दावर ठरलेली कामं करून घेण्याची ॲपमधली सोय. रूटीनमध्ये आज्ञेचा शब्द आपण ठरवतो, म्हणून दोन्ही भाषांत सारखेच असलेले छोटे शब्द घेतले. ‘भजन’ म्हटलं की आवाज सहावर येतो आणि अभंग सुरू होतात. ‘रेडिओ’ म्हटलं की आकाशवाणी. ‘टीव्ही’ म्हटलं की टीव्ही लागतो. क्रियापद नाही, कलाकाराचं नाव नाही. थांबवायला ‘स्टॉप’, तो शब्द एस.टी.मुळे आजीच्या तोंडात आहेच.

आजी हाक मारून थांबते, समोरच्याने ओ देण्याची वाट पाहते. माणसाशी बोलायची रीतच ती. निळा दिवा म्हणजेच ओ, हे सांगितल्यावर जमलं. ती दिव्याकडे बघते आणि मग बोलते. चार शब्द मोठ्या अक्षरांत लिहून तिवईला चिकटवले आहेत.

सोमवार, २० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

पहाटे आजीनेच आकाशवाणी लावली. अभ्यंगस्नानाच्या गडबडीत बाकी कुणाला सुचलं नसतं.

गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

घर भरलेलं आणि दुपारी लाइट गेली. राउटर आणि फायबरचा डबा १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवर घेतले होते, ते चालू राहिले. पण त्या वेळी आमच्या भागातलं नेटच गेलं. एकोला आज्ञा समजेना, कारण बोलणं समजून घेण्याचं काम कंपनीच्या सर्व्हरवर होतं. टीव्ही आणि साउंडबार इन्व्हर्टरवर, दोन्ही मिळून शंभर वॅटच्या आसपास. डिश चालू, आवाज साउंडबारमधून, रिमोट हातात. अण्णांची अट खरी उतरली.

आत्याने विचारलं, हे सतत ऐकत असतं का? माइक हाकेच्या शब्दासाठी सतत जागा असतो, आणि तो शब्द कळल्यावर पुढचं बोलणं बाहेर जातं. घरातलं काही बोलायचं असेल तर वरचं माइकचं बटण दाबायचं, लाल दिवा लागतो आणि माइक बंद होतो. अण्णांनी ते लगेच आत्मसात केलं. ॲपच्या प्रायव्हसी भागात जुनी रेकॉर्डिंग आपोआप पुसली जायची मुदत तीन महिन्यांवर आणली. वडीलधाऱ्यांच्या घरी हे बसवून देणाऱ्याने या दोन गोष्टी न विचारताच करून द्याव्यात, ते स्वतः शोधायला जाणार नाहीत.

रविवार, २ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

पंढरपूरची महापूजा आजीने पडद्यावर पाहिली, शब्द न् शब्द कळला म्हणाली. भाषणातला एक शब्द मला चुकीचा ऐकू आला होता, तो तिने दुरुस्त केला.

खोलीत माणसं नसताना खर्ज अजून थोडा फुगतो, म्हणून साउंडबार भिंतीपासून चार बोटं पुढे घेतला. डिशच्या एका वाहिनीवर आवाज चित्राच्या किंचित पुढे येतो. साउंडबारमधला विलंब ४० मिलिसेकंदांनी वाढवून पाहिला, त्या वाहिनीला बरं, पण स्टिकवरचं मागे पडतं. पूर्ववत केलं.

बाकी कामं: तुळईवरच्या केबलला लाकडी रंगाची पट्टी. सेटिंगचा कागद अण्णांच्या वहीत उतरवायचा, कुठली तार कुठे आणि प्रत्येक उपकरणात काय चालू ठेवलं आहे ते सगळं. मेणवलीच्या काकांकडे डिश नाही, फक्त स्टिक आहे. तिथे होम थिएटर गट करायचा, पण त्याआधी खिडकीचं माप घ्यायला सांगितलं आहे, पडद्यासाठी.